मुकाई चौकातलं एक्याण्णवावं स्तोत्र

संध्याकाळी सातच्या सुमाराला पिंपरी-चिंचवडमधल्या रावेतहून मुकाई चौकाकडे निघालेल्या माणसाचा धर्म कोणताही असो, त्याची परीक्षा एकच असते. यू-टर्न लांब आहे. सर्व्हिस रोड जवळ आहे. सर्व्हिस रोडवर उलट्या दिशेने गाडी घातली, की दोन मिनिटांत घर आणि गरम चहा. मग वारकरी, बौद्ध, जैन, मुसलमान, ख्रिस्ती आणि कशावरच विश्वास नसलेले आयटीवाले असे सगळे एकदिलाने राँग साईडला वळतात. सर्वधर्मसमभावाचं इतकं जिवंत दर्शन शहरात दुसरीकडे घडत नाही. त्या घोळक्यातल्या एखाद्या गाडीच्या मागच्या काचेवर ‘स्तोत्र ९१’ असं स्टिकर असतं. या लेखाला कर्तव्य आहे ते त्या गाडीशी.

मराठी ख्रिस्ती घरांत हे स्तोत्र फार लाडकं. ते दारावरच्या पाटीवर असतं, कॅलेंडरवर असतं, परगावी निघालेल्या मुलाच्या बॅगेत आई ते चिठ्ठीवर लिहून घालते. देवाच्या आश्रयाला राहणाऱ्याला देवदूत सांभाळतील, त्याला ठेचही लागू देणार नाहीत, असा त्यातला दिलासा. पण नव्या करारात हे स्तोत्र कोणाच्या तोंडी येतं, ते स्टिकर छापणारा सांगत नाही. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात सैतान येशूला यरुशलेमच्या मंदिराच्या शिखरावर नेतो, खाली उडी टाकायला सांगतो, आणि पुरावा म्हणून याच स्तोत्रातला देवदूतांचा भाग म्हणून दाखवतो. येशू उडी टाकत नाही. देवाची परीक्षा पाहू नये, एवढं सांगून तो विषय संपवतो. मुकाई चौकात मात्र ती उडी रोज संध्याकाळी पडते आणि देवदूतांना ओव्हरटाईम लागतो.

कायद्याने देवदूत गृहीत धरलेले नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने उलट दिशेने गाडी चालवणं हे धोकादायक वाहन चालवण्यात स्पष्टपणे घातलं आणि पहिल्याच गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा कैद, किंवा दोन्ही, असं लिहून ठेवलं. पण चौकातला मोह कलमाला बधत नाही, कारण तो मोह वाटतच नाही, सोय वाटते. संडे स्कूलच्या चित्रातला शिंगवाला, शेपटीवाला सैतान ओळखायला सोपा. शेजारच्या सीटवरून ‘सगळेच जातायत की!’ म्हणणारा कसा ओळखायचा? त्यातून तो मेहुणा असेल तर बोलायलाच नको.

अरण्यात चाळीस दिवस उपाशी राहिलेल्या येशूपुढे सैतानाने एकूण तीन मोह ठेवले, त्यांतला हा उडीचा मधला. पहिला दगडाच्या भाकरी करण्याचा. रावेतमध्ये त्यासाठी दगड लागत नाही, मोबाईल पुरतो, आणि भाकर अर्ध्या तासात दारात येते. त्यावर अधिक लिहिण्यासारखं काही नाही. लिहिणाऱ्यालाही भूक लागते.

तिसरा मोह जास्त रंगतदार आहे. सैतान येशूला उंच डोंगरावर नेऊन जगातली सगळी राज्यं आणि त्यांचं वैभव दाखवतो. रावेतमध्ये या कामासाठी सॅम्पल फ्लॅट असतो. वरच्या मजल्याच्या गॅलरीतून पवना दिसते, किवळ्याला येऊन टेकलेला मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे दिसतो, हवा स्वच्छ असली तर घोराडेश्वरचा डोंगरही दिसतो. सेल्समन हात पसरून म्हणतो, ‘सर, हा सगळा व्ह्यू तुमचा.’ (नदी आणि डोंगर सुपर बिल्ट-अपमध्ये धरलेत का, हे विचारायचं राहून जातं.) घर घेणं हे काही पाप नव्हे. पण दोन बीएचके पाहायला आलेल्या कुटुंबाला लिफ्टमधून खाली येईपर्यंत तीन बीएचके ही देवाचीच इच्छा आहे, अशी खात्री पटू लागते, तेव्हा पाळकांनी जरा चौकशी करायला हरकत नाही. सैतानाने एकदाच वाकायला सांगितलं होतं. बँक वीस वर्षं दर महिन्याच्या पाच तारखेला वाकायला लावते.

या पट्ट्यातल्या ख्रिस्ती मंडळींची गोष्ट मुळात कारखान्यांच्या भोंग्यापासून सुरू होते. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, पुढे आकुर्डीला बजाज, मग टेल्को. नोकरीच्या मागे नगरकडचे मराठी ख्रिस्ती आले, केरळचे आले, तमिळ आले, गोव्याचे आले. एकाच शहरात रविवारी मराठी, मल्याळम, तमिळ, हिंदी आणि इंग्रजी अशी वेगवेगळी उपासना होते. देवाला सगळ्या भाषा येतात. सेक्युरिटीवाल्याला येत नाहीत, म्हणून प्रत्येक प्रार्थना सभेला रजिस्टरमध्ये ‘बर्थडे’ अशी नोंद होते.

आता कारखान्याच्या सुट्टीचं पाहा. पिंपरी-चिंचवडच्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. म्हणजे शब्बाथ रविवारी आणि सुट्टी गुरुवारी. दहा आज्ञांमध्ये शब्बाथ पाळायला सांगितलं आहे. शिफ्ट कोणाशी बदलून घ्यायची, ते सांगितलेलं नाही. मग नाईट शिफ्ट करून सकाळी सहाला सुटलेला विश्वासू माणूस आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून दहाच्या उपासनेला येतो आणि दुसऱ्या गीतानंतर त्याची मान हळूहळू पुढे झुकते. मागच्या बाकावरच्या भगिनी डोळे वटारतात. त्यांनी प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा विसावा अध्याय पुन्हा वाचावा. त्रोवस शहरात पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला, तेव्हा युतुख नावाचा तरुण खिडकीत बसल्याबसल्या झोपला आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौलाने खाली जाऊन त्याला कवटाळलं, तो जिवंत आहे असं सांगितलं, आणि पुन्हा वर येऊन पहाटेपर्यंत बोलणं चालू ठेवलं. या घटनेपासून झोपाळू लोकांनी धडा घेतला, की खिडकीत बसू नये. उपदेशकांनी कोणताच धडा घेतलेला दिसत नाही.

खरं तर पेंगण्याचा, कंटाळण्याचा हा मोह ख्रिस्ती परंपरेत फार जुना आणि मानाचा आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एवाग्रियस नावाचा साधू राहत असे. ३९९ साली तो वारला. माणसाला छळणाऱ्या आठ विचारांची त्याने यादी केली, आणि पुढे सहाव्या शतकात पोप ग्रेगरी यांनी त्यात फेरफार करून सात केले. तीच ती प्रसिद्ध सात पापं. एवाग्रियसच्या आठांमध्ये खादाडपणा, लोभ, राग ही ओळखीची मंडळी आहेतच, पण त्याने सगळ्यात जीव ओतून वर्णन केलंय ते दुपारच्या भुताचं. हे भूत सकाळी दहा ते दुपारी दोन या वेळात धरतं. साधूला वाटतं, सूर्य हलतच नाही, दिवस पन्नास तासांचा झालाय. तो सारखा खिडकीकडे बघतो, जेवणाच्या वेळेला किती अवकाश आहे ते बाहेर जाऊन सूर्यावरून मोजतो, कोणी भेटायला येतंय का म्हणून वाट न्याहाळतो. मग त्याला आपल्या जागेचा वीट येतो, कामाचा वीट येतो, दुसरीकडे गेलं तर जास्त सोपं आणि फायद्याचं काम मिळेल असं वाटू लागतं, आणि शेवटी त्याला घरच्यांची आठवण येते. हे सगळं सोळाशे वर्षांपूर्वीचं आहे, यावर हिंजवडीला नोकरी करणाऱ्या रावेतकराचा विश्वास बसणार नाही. त्याला वाटेल, कोणीतरी आपल्या डेस्कमागे उभं राहून लिहून घेतलंय. नोकरी बदलण्याच्या ॲपचा तेवढा उल्लेख राहिलाय. रविवारची उपासनाही साधारण त्याच वेळात असते, हे एवाग्रियसला ठाऊक असतं तर त्याने दोन पानं वाढवली असती.

या साधूने औषधही दिलंय. प्रत्येक प्रकारच्या मोहाला उलट काय सुनवायचं, याची शास्त्रवचनं निवडून त्याने एक पुस्तकच केलं. त्यात चारशेहून अधिक नोंदी आहेत. अरण्यात येशूनेही तिन्ही वेळा अनुवादाच्या पुस्तकातलं वचन सांगूनच सैतानाला परतवलं होतं. तेव्हा पद्धत जुनी आणि खात्रीची. आज रावेतच्या मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहाटे पाचपासून वचनं येतात, सूर्योदयाच्या फोटोवर, गुलाबासकट. फरक एवढाच, की एवाग्रियस वचन स्वतःच्या भुताला सुनवत असे. ग्रुपवर ते बहुधा दुसऱ्याच्या भुताला उद्देशून असतं. रागाविषयीचं वचन आलं, की आज ते सोसायटीच्या कोणत्या मेंबरसाठी आहे, हे सगळ्यांना न सांगता कळतं.

लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात या सगळ्याला धार चढते. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजले तर दिवस शेहेचाळीस भरतात. चाळीस कसे होतात? मधले सहा रविवार धरत नाहीत म्हणून. कॅथलिक चर्चचा सक्तीचा उपवास तर राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोनच दिवशी असतो, तोही वयाच्या अठरापासून साठावं वर्ष लागेपर्यंत, आणि त्यातही एक पूर्ण जेवण आणि दोन छोट्या न्याहाऱ्या चालतात. ज्या मुलखात ‘एकादशी, दुप्पट खाशी’ अशी म्हण आहे आणि साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, बटाट्याचा कीस, शेंगदाण्याचे लाडू हा उपास मानला जातो, तिथे कोणी यावर हसू नये. सतराव्या शतकात रोममध्ये कार्डिनल ब्रांकाच्चो यांनी चॉकलेटचं पेय प्याल्याने उपवास मोडत नाही, हे सिद्ध करायला एक ग्रंथ लिहिला होता. उपवास कमी आणि त्यावरची वकिली जास्त, यात पूर्व-पश्चिम असा भेद नाही.

सक्ती कमी असली, तरी लेंटमध्ये स्वतःहून काहीतरी सोडायची पद्धत आहे. कोणी मटण सोडतं, कोणी चहा, कोणी मालिका, कोणी गोड. गोड सोडणाऱ्याचं रावेतमध्ये काही खरं नसतं. कारण लेंट फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येतो आणि त्याच दिवसांत होळी येते, बहुतेक वर्षी पाडवाही येतो. समोरच्या फ्लॅटमधल्या काकू पुरणपोळ्यांच्या ताटावर रुमाल टाकून, वर तुपाची वाटी घेऊन दारात उभ्या. ‘तुमच्याकडे होळी नसते, माहितेय, पण गरम आहेत, लगेच खा.’ नको म्हणावं तर शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा मोडते. घ्यावी तर व्रत मोडतं. २०२४ साली देवाने सोय केली होती: होळी चोवीस मार्चला, म्हणजे नेमकी झावळ्यांच्या रविवारी आली. रविवार धरत नाहीत. त्या दिवशी पुरणपोळी अधिकृत झाली. २०२५ मध्ये पाडवा तीस मार्चला, पुन्हा रविवारीच, म्हणजे श्रीखंडही सुटलं. होळी मात्र गुरुवारी आली आणि अनेक घरांत पुरणपोळ्या फ्रीजमध्ये रविवारची वाट पाहत बसल्या. २०२४ ला राखेचा बुधवार चौदा फेब्रुवारीला, म्हणजे व्हॅलेंटाईन डेलाच, आला होता. तरुण संघाच्या अडचणी वेगळ्याच असतात.

शेजाऱ्याच्या ताटाचं हे संकट पुण्याला नवं नाही. १८९० साली पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये शहरातल्या प्रतिष्ठितांना व्याख्यानाला बोलावलं होतं आणि नंतर चहा-बिस्किटं समोर आली. बोलावलेल्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते, गोखले होते. काहींनी चहा घेतला, काहींनी तसाच ठेवला. डॉ. आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांनी हजर असणाऱ्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि पुण्यात जो गदारोळ उठला, त्याला तोड नाही. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, प्रायश्चित्तं झाली. रानड्यांनाही ते चुकलं नाही. एका कपाने एवढा इतिहास घडवल्याचं दुसरं उदाहरण महाराष्ट्रात नसेल. तेव्हा ख्रिस्ती यजमानांच्या हातचा चहा हा हिंदू पाहुण्यांपुढचा पेच होता. आज हिंदू काकूंच्या हातची पोळी हा ख्रिस्ती शेजाऱ्यांपुढचा पेच आहे. हिशेब फिटायला सव्वाशेहून जास्त वर्षं लागली, पण व्याजासकट फिटला, साजूक तुपात.

समजा, पोळीही टाळली. मग आणखी मोठं संकट उभं राहतं. एवाग्रियसने लिहून ठेवलंय, की बाकीची भुतं हरली की मागून दोन येतात: बढाई आणि गर्व. माणूस जिंकला म्हणूनच ती येतात. रावेतमध्ये याचा पुरावा हवा असेल तर लेंटच्या पहिल्या आठवड्यात स्टेटस पाहावेत. ‘चाळीस दिवस व्हॉट्सॲपपासून दूर. फक्त प्रभू.’ हा स्टेटस किती जणांनी पाहिला, हे तपासायला तो माणूस दर तासाला आत येतो.

विश्वासात वाढ होते तरी कशी, हे मराठीत ज्याला वाचायचं आहे त्याने लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ काढावीत. भल्याभल्या धर्मग्रंथांत नाही इतका मोहाचा प्रामाणिक हिशेब त्यांत आहे, आणि तो हसवत हसवत मांडलाय. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईला बाप्तिस्मा घेतला. हा माणूस मोठा भक्त, मोठा कवी, फुलामुलांचा कवी म्हणून महाराष्ट्राने डोक्यावर घेतलेला. पण घरात शीघ्रकोपी, आणि पैसा हातात आला की तो घरी पोचेल याची खात्री नाही. बाप्तिस्म्याचं पाणी राग विझवायला पुरलं, असं लक्ष्मीबाई कुठेही म्हणत नाहीत. स्वतःबद्दलही त्या सूट घेत नाहीत. नवरा ख्रिस्ती झाला, तेव्हा त्या दुरावल्या, मग जवळ आल्या, मग एका छताखाली आल्या, पण सोवळं वेगळं, चूल वेगळी, पाणी वेगळं. मग हळूहळू एकेक गाठ सुटत गेली आणि १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. बाप्तिस्मा घेताना पाणी एकदाच लागतं. परक्या जातीच्या हातचं पाणी घशाखाली उतरायला वर्षं जावी लागली. टिळकांनी त्यात घाई केली नाही, आणि एरवी प्रत्येक गोष्टीत घाई करणाऱ्या माणसाच्या आयुष्यातला हाच खरा चमत्कार म्हणावा लागेल.

हे टिळक म्हणत, की आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. देहू रावेतपासून लांब नाही. ट्रॅफिक नसेल तर चहा गार व्हायच्या आत माणूस पोचतो. आपल्याकडे पूल पवनेवरचा, बास्केट ब्रिज. त्यावरून लोक अजून तरी फक्त सेल्फी काढत येतात.

गुरुवारी संध्याकाळी कोणाच्या तरी घरी प्रार्थना सभा भरते, तेव्हा या वाढीची जाहीर तपासणी होते. तिला साक्ष म्हणतात. एखादे गृहस्थ उभे राहतात आणि सांगतात, की प्रभूने माझा राग समूळ काढून टाकला. त्याच क्षणी स्वयंपाकघरात पातेल्यावर झाकण जरा जोरात आपटतं. मंडळींचं ‘आमेन’ नेहमीपेक्षा थोडं उशिरा येतं. मग दशमांशाचा विषय निघतो, आणि तो पगाराच्या ग्रॉसवर काढायचा की नेटवर, यावर पीएफ कापला जाणारे आणि न कापला जाणारे अशी दोन मतं पडतात. मलाखी संदेष्ट्याच्या काळी सॅलरी स्लिप नव्हती, असा एक बिनतोड मुद्दा कोणीतरी मांडतं. नेटवाल्यांचं बहुमत होतं, नेहमीच होतं.

शेवटी प्रार्थनेचे विषय सांगतात. कोणाच्या मुलीची सीईटी, कोणाचा व्हिसा, कोणाच्या सासूबाईंचा गुडघा. आणि पाणी. पिंपरी-चिंचवडचं प्यायचं बरंचसं पाणी उचललं जातं ते रावेतच्या बंधाऱ्यावरूनच, पण नोव्हेंबर २०१९ मध्ये महापालिकेने दिवसाआड पाणी सुरू केलं आणि बंधाऱ्याच्या शेजारी राहणारे लोकही बादल्या मांडून बसू लागले. जुन्या घरांत आणि छोट्या इमारतींत मग नळाला थेट मोटार लावायचा मोह होतो. आपली टाकी भरते, पुढच्या घराचा नळ नुसता फुरफुरतो. सभा ज्यांच्याकडे आहे त्या ताई म्हणतात, ‘पाळकसाहेब, आमच्या गल्लीत पाण्याचा दाब वाढावा म्हणून प्रार्थना करा.’

‘करू की,’ पाळकसाहेब म्हणतात. ‘पण आधी एक सांगा. गल्लीत सगळे आपलेच आहेत. मोटार कोणाकोणाकडे आहे?’

सगळ्यांनी एकदम माना खाली घातल्या, डोळे मिटले, आणि एका ज्येष्ठ बंधूंनी खणखणीत आवाजात परराष्ट्रांतल्या युद्धांसाठी प्रार्थना सुरू केली.